पाण्यातले साहेब

आमच्या संस्थेत मारहाण हा गुन्हा समजला जात नाही, शिस्तीचा भाग समजला जातो. संस्थेचे अध्यक्ष माढा तालुक्यातले. आधी ऊस, मग दूध, मग ओघानेच शिक्षण. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणतात आणि म्हणताना थोडे वाकतात. मागे एका हेडक्लार्कने निमंत्रणपत्रिकेत साहेबांचं नाव चुकून पाहुण्यांच्या नावाखाली छापू दिलं. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि काचेच्या पेपरवेटने त्याचा अंगठा ठेचला. दुसऱ्या दिवशी तोच क्लार्क पट्टी बांधलेल्या हाताने दुरुस्त पत्रिका वाटत फिरत होता. वाटताना हसत होता. मला अंगठ्यापेक्षा त्या हसण्याची जास्त धास्ती वाटली.

सोलापुरातल्या या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. विभागाची प्रमुख आहे. विभाग म्हणजे मी, कधीच जागेवर न सापडणारा एक प्रयोगशाळा सहायक, आणि आमचे सर. हे सर तासाप्रमाणे पगार घेणारे. त्यांना जूनमध्ये नेमायचं, एप्रिलमध्ये विसरायचं आणि पुढच्या जूनमध्ये नव्याने ओळख करून घेतल्यासारखं पुन्हा नेमायचं, अशी पद्धत आहे. डॉक्टरेट त्यांची झालेली, केस पांढरे व्हायला लागलेले, तरी एप्रिल आला की ते घरी. त्यांना एकच गोष्ट हवी होती: पूर्णवेळ नेमणुकीची ऑर्डर. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकोने पोळी वाढता वाढता विचारलं होतं, “मॅडम, कॉलेजात ह्यांना अजून किती वर्षं पाहुणाच धरणार?” सर ताटात बघत राहिले. त्या घरात ऑर्डर हा शब्द लांबच्या गावी नोकरीला गेलेल्या मुलासारखा उच्चारला जायचा.

आणखी एका माणसाची ओळख करून दिली पाहिजे. त्याला सगळे पैलवान म्हणतात. साहेबांच्या गावचा. तालमीतून थेट आमच्याकडे शिपाई म्हणून आला आणि आल्या आल्या कायम झाला. त्याची पात्रता त्याच्या हातात होती, आणि हात दाराच्या फळीएवढा.

सरांचा विषय ध्वनी. आपल्याला ऐकू येतो तो नव्हे, त्याच्या कितीतरी वरचा, कुत्र्यालाही ऐकू न येणारा. ते तळहाताएवढी प्लास्टिकची चकती तयार करत. विभागात एक थ्रीडी प्रिंटर आहे, त्यावर थरावर थर चढवून छापलेली. चकतीवर बारीक टेकड्या आणि दऱ्या. काचेच्या टाकीच्या तळाशी ध्वनी सोडणारा एक चपटा बिल्ला असतो, त्यावर ही चकती बसवायची आणि वर पाणी भरायचं. प्लास्टिकमधून ध्वनीची लाट पाण्यातल्यापेक्षा जोरात पळते. त्यामुळे जिथे प्लास्टिक जाड तिथून ती आधी निसटते, पातळ तिथून मागाहून. मग वर पाण्यात या पुढेमागे झालेल्या लाटा एकमेकींना भिडतात. कुठे एकमेकींना उचलतात, कुठे एकमेकींचा गळा घोटतात. कोण कुठे कोणाला भिडेल याचं गणित आधी मांडून त्याप्रमाणे टेकड्या छापल्या, की पाण्यात ध्वनीचं हवं ते चित्र उभं राहतं. डोळ्यांना ते दिसत नाही. दिसावं म्हणून पाण्यात रबराची बारीक भुकटी सोडायची. ध्वनी तिला रेटत रेटत चित्राच्या रेषांवर नेऊन डांबतो. याला ध्वनीचा होलोग्राम म्हणतात. जगात कुठे कुठे याच युक्तीने कवटी न फोडता मेंदूत नेमक्या जागी ध्वनी पोचवायचे प्रयत्न चालले आहेत. आमच्या विभागात मोर चालला होता.

मोर चादरीवरचा. सरांचे वडील शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, चादरी विणायचे. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून मागावर नक्षी काढायची, हे सरांनी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून पहिलं चित्र त्यांनी मोराचं घेतलं. बटण दाबलं की ढगासारखी पसरलेली पांढरी भुकटी दचकायची, गर्दी लाठीमाराने पांगते तशी पांगायची, आणि मग पिसाऱ्याच्या ओळीत मुकाट उभी राहायची. मला ते दर वेळी सुंदर वाटायचं आणि दर वेळी थोडं अंगावरही यायचं.

एके दिवशी प्राचार्य आले. मोर पाहिला.

“हे मोर वगैरे ठीक आहे. माणूस काढता येतो का?”

“कुठला माणूस?” मी विचारलं.

“मॅडम, आपल्याकडे माणूस एकच.”

साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता. गेल्या वर्षी साहेबांच्या धाकट्या भावाने, ज्याला सगळे दादा म्हणतात, भांडून वेगळी चूल मांडली होती. चूल म्हणजे दुसरं कॉलेज. दादांनी आपल्या वाढदिवसाला ड्रोन उडवून आकाशात स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं. आता साहेबांना आकाशापेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं. प्राचार्यांच्या मते ते पाणी होतं.

“जमवा,” ते सरांना म्हणाले. “जमलं तर त्याच दिवशी तुमच्या ऑर्डरचा विषय मी स्वतः साहेबांसमोर काढतो. वाढदिवसाला साहेबांचं मन मोठं असतं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. जगातले बहुतेक मोठे शिल्पकार राजांचे चेहरे घडवूनच जेवले आहेत, आणि ते राजेही काही फार देखणे नव्हते.

चेहरा फ्लेक्सवरून घेतला. फ्लेक्सवरचे साहेब खऱ्या साहेबांपेक्षा बरेच तरुण आहेत आणि गेली कित्येक वर्षं त्यांचं वय वाढलेलं नाही. सरांनी गणित मांडलं, चकती छापली, पाण्यात भुकटी सोडली. आधी मिशा आल्या. मग कपाळ, मग डोळे, आणि मग साहेब आमच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी नकळत पदर सारखा केला. सरांनी आवाजाचं बटण थोडं कमी करून पाहिलं. तशी कडेची भुकटी आधी सुटली आणि चेहऱ्याभोवती सैल कडं करून फिरायला लागली. बटण पुन्हा वाढवल्यावर ती निमूट जागेवर गेली.

प्राचार्य बघायला आले. बराच वेळ वाकून पाहत होते.

“छान. पण एवढेसे साहेब?”

“बिल्ला एवढाच आहे,” सर म्हणाले. “मोठं करायचं तर बिल्ला मोठा लागेल, गणित नव्याने मांडावं लागेल.”

“लोक म्हणतील, प्राचार्यांनी साहेबांना तळहातावर बसवलं.”

“कॅमेऱ्याने पडद्यावर मोठं दिसेल की,” मी म्हणाले.

प्राचार्यांनी मान हलवली. ते मान हलवतात तेव्हा ऐकत नसतात, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच कॉलेजच्या फाटकात डीजेची भिंत उभी राहिली. पहिला ठोका पडला तसे गच्चीवरचे पारवे एकदम उठले आणि दिवसभर परत आले नाहीत. प्रयोगशाळेतली एक बरणी फळीवरून सरकत सरकत आली आणि फुटली. छातीत कोणीतरी मुसळ घालतंय असं वाटत होतं. क्रेनला सफरचंदांचा हार टांगलेला. साहेब गाडीतून उतरले, हार त्यांच्यावर अलगद सोडला, फोटो निघाले, आणि साहेब बाजूला होताच माणसं सफरचंदांवर तुटून पडली. एकाच्या कोपराने दुसऱ्याचे पुढचे दात गेले. तोंडातून रक्त गळत होतं, पण सफरचंद त्याने सोडलं नाही. मग तलवार आली. साहेबांनी केक कापला, म्हणजे केकवर वार केला. वार बसताच आरोळी उठली. एवढी मोठी तलवार आणि एवढा मऊ शत्रू मी आजवर पाहिलेला नाही.

मी सभागृहात गेले. व्यासपीठावर टाकी मांडलेली, वर कॅमेरा, मागे मोठा पडदा. सर टाकीपाशी उभे होते.

“मॅडम, ही चकती माझी नाही.”

टाकीच्या तळाशी बशीएवढी चकती होती. बिल्ल्याच्या चारी बाजूंनी बाहेर आलेली.

झालं होतं असं. प्राचार्यांनी सहायकाकडून चकतीची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ज्या दुकानात साहेबांचे फ्लेक्स छापले जातात तिथे पाठवली. त्या दुकानदाराने ढाली-ट्रॉफ्यांसाठी नुकताच थ्रीडी प्रिंटर घेतला होता. त्याला निरोप गेला: दीडपट कर. फ्लेक्समध्ये हे चालतं. तिथे कोणताही साहेब कितीही वाढवता येतो. पण इथे लांबी-रुंदीबरोबर जाडीही दीडपट झाली होती, आणि या धंद्यात जाडी म्हणजेच चित्र. प्रत्येक लाट आता चुकीच्या वेळी बाहेर पडणार होती.

“तुमची कुठे आहे?”

“प्राचार्यांनी फ्रेम करून साहेबांच्या बंगल्यावर भेट म्हणून पाठवली.”

“मग चालवू नका. टाकी फुटली म्हणून सांगू. हवं तर मी फोडते.”

सर भुकटीची बाटली उघडत म्हणाले, “आज नाही चालवलं तर परत कोण विचारणार आहे मला, मॅडम? काहीतरी तर येईल. मिशा आल्या तरी पुष्कळ.”

साहेब आले, पुढच्या सोफ्यावर बसले. मागे पैलवान उभा. प्राचार्यांनी माइक हातात घेतला आणि साहेबांची तुलना समुद्राशी केली, मग हिमालयाशी, मग कुठल्याशा शास्त्रज्ञाशी. शेवटी म्हणाले, “आता प्रत्यक्ष जलदेवताच साहेबांना आकार देईल.” सरांनी बटण दाबलं.

भुकटी दचकली. पांगली. आणि आधी कडेला गेली. बिल्ला जिथे संपत होता तिथे तिने एक जाड, गोल, लोंबतं कडं धरलं. मग आत मिशा आल्या, गालांसारखं काहीतरी आलं. डोळे आलेच नाहीत. त्या जागी दोन आडव्या रेघा राहिल्या. मिटलेले डोळे. पडद्यावर भिंतभर मोठे साहेब, डोळे मिटून, शांत, आणि भोवती हार.

जिवंत माणसाच्या गळ्यात हार घातला तर तो सत्कार. क्रेनने घातला तर मोठा सत्कार. पण फोटोला हार म्हणजे एकच अर्थ, आणि तो आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

सभागृहात मागून कोणीतरी म्हणालं, “आयला, हार घातलाय की साहेबांना!”

“डोळं पण मिटल्यात!”

“दादांचा माणूस हाय ह्यो! दादांनी करायला लावलंय!”

पैलवान व्यासपीठावर एका उडीत चढला. “कानाखाली आवाज काढू का रं तुझ्या?” असं त्याने विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. ती चपराक मी अजून ऐकते. लाकडी फळी फरशीवर आपटावी तसा आवाज. सर टेबलावर आदळले, टेबलासकट खाली. टाकी फुटली, पाणी व्यासपीठावरून ओघळलं. मग वर चढणाऱ्यांची रांग लागली. वाढदिवसाचा लाभ सगळ्यांनाच हवा होता. एकाने बरगड्यांत लाथा घातल्या, मोजून घालाव्यात तशा सावकाश. एकाने प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि तिचा पाय मोडेपर्यंत पाठीवर हाणली. सर हातांनी डोकं झाकून ओरडत होते, “दीडपट! दीडपट केलंय!” हा मंत्र आहे की शिवी, ते कोणालाच कळेना. मी मध्ये घुसले. माझ्या खांद्यावर काहीतरी बसलं. एक जण ओरडला, “ए, मॅडमला लावू नका रं!” तेवढी संस्कृती आमच्याकडे शाबूत आहे. मला दोघांनी अदबीने धरून बाजूला नेलं आणि मग ते पुन्हा मारायला गेले.

साहेब सोफ्यावरून उठले नव्हते. ते मारहाण बघत नव्हते. मागे पडदा आता नुसता पांढरा झाला होता, तरी तिकडेच बघत होते, आणि हात स्वतःच्या गळ्यावर होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सरांच्या डाव्या कानात पाहिलं. पडदा फाटला होता, पण तो भरून येतो. आतल्या भागाला मार बसला होता, तो भरून येत नाही. दोन बरगड्यांना तडे, ओठ फाटलेला, पाठ काळीनिळी. पोलीस जबाब घ्यायला आला, पण सरांना जबडा हलवता येत नव्हता. “बोलता आलं की चौकीत या,” म्हणून तो गेला.

मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. का, ते मलाही सांगता येणार नाही. कोणावर तरी ओरडायचं होतं. दुकानदार हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, मेरेकु बोले साहब को दीडपट करो, मैं करा. मेरी क्या गल्ती? साहब को छोटा करो बोलते तो मैं पूछता भी.”

मी दवाखान्यात परत आले.

संध्याकाळी प्राचार्य दवाखान्यात आले. फळं घेऊन. सफरचंदं होती. टाइप केलेला एक कागदही होता: प्रयोगशाळेत पाय घसरून पडलो, कोणाविरुद्धही तक्रार नाही.

“पाणी सांडलेलं होतंच,” प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले. “म्हणजे अगदीच खोटं नाही. सही केलीत की ऑर्डरचं मी बघतो.”

सरांच्या बायकोने कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला. “आधी ऑर्डर आणा. मग घसरतील ते.”

प्राचार्य सफरचंदं ठेवून गेले. ती कोणी खाल्ली नाहीत.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. सर घरी आले. फाटलेल्या ओठाने बोलायला लागले, पण चौकीत गेले नाहीत. जूनमधली नेमणूकही जाईल, ही भीती त्यांच्या तोंडावर मारापेक्षा ठळक दिसत होती. मी गेले की आम्ही दोघं चहा पीत बसायचो. मी उजव्या बाजूला बसायला शिकले होते.

आणि मग साहेबांच्या गाडीने बार्शी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला धडक दिली. ड्रायव्हरचा पाय दोन ठिकाणी मोडला. साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलं. आठवड्याभरात ताप आला, तो उतरेना. ड्रायव्हरच्या पायाची चौकशी कोणी केल्याचं माझ्या कानावर नाही, पण टेंगळाची चर्चा अकलूजपर्यंत पोचली. साहेबांच्या गुरुजींनी सांगितलं, हार ज्या हाताने पडला त्याच हाताने उतरला पाहिजे.

प्राचार्यांचा मला फोन आला. “मॅडम, सरांना बरं वाटतंय का आता?”

“एका कानाने वाटतंय.”

“साहेबांची इच्छा आहे की चित्र पुन्हा काढावं. लहान चालेल. किती का लहान असेना.”

सरांनी निरोप शांतपणे ऐकला. मग म्हणाले, “काढतो. विभागातच काढतो. आणि बटणापाशी माझ्याशिवाय कोणी नको.”

भर दुपारी साहेब विभागात आले. बरोबर प्राचार्य आणि पैलवान, बाकी कोणी नाही. डीजे नाही, फ्लेक्स नाही. तापाने उतरलेला चेहरा पहिल्यांदाच फ्लेक्सपेक्षा खरा दिसत होता. सरांनी नवी चकती छापली होती, तळहाताएवढी. नवी टाकी, नवं पाणी. त्यांनी बटण दाबलं. भुकटी दचकली, पांगली, जमली. मिशा, कपाळ, डोळे. उघडे डोळे. भोवती स्वच्छ पाणी.

साहेब टाकीवर वाकले. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

“हार न्हाय,” ते म्हणाले. मग पुन्हा, “हार न्हाय हितं.” डोळ्यांत पाणी आलं होतं. पदराने पुसावं तसं त्यांनी ते उपरण्याने पुसलं, आणि पुसता पुसता पुन्हा साहेब झाले. “पैलवान, फुडं ये. सरांच्या म्होरं हुबा ऱ्हा.”

पैलवान पुढे आला. टोपी काढून खाली बघत उभा राहिला.

“सर, ह्यानं तुमाला हाणलं. आता तुमी ह्याला हाणा. मनापासनं हाणा. फिट्टंफाट.”

पैलवानाने गाल पुढे केला. खरोखरच केला. तो हे इतक्या सरावाने करत होता की हा प्रकार पहिल्यांदा घडत नसावा.

“मला हाणता येत नाही, साहेब,” सर म्हणाले. “शिकवता येतं. मला ऑर्डर द्या.”

साहेब हसले. “ऑर्डर काय झाडाला लागत्यात व्हय? त्याला मंजुरी हाय, मिटिंग हाय. बघू की पुढल्या सालाला. आता हाणून घ्या, मी सांगतोय न्हवं?”

मला ते ऐकून हसू आलं, वाईट प्रकारचं. या संस्थेत ताबडतोब मिळू शकेल अशी वस्तू एकच होती आणि तीही दुसऱ्याच्या गालावर.

सरांनी आवाजाचं बटण हळूच कमी केलं.

साहेबांच्या डाव्या मिशीचं टोक सुटलं. मग कानाची कड. सुटलेली भुकटी बाहेर सरकली, रेंगाळली, आणि चेहऱ्याभोवती सावकाश गोल फिरायला लागली. एक पातळ, पांढरं कडं.

“आरं, आरं! हार यायला लागलाय!” साहेबांनी टाकीची कड धरली. “बंद करू नगंस! वाढव! आरं वाढव की त्यो!”

“साहेब, ऑर्डर.”

पैलवानाचा हात उठला. साहेबांनी मागे न बघताच कोपर मारलं, ते त्याच्या नाकावर बसलं. रक्त आलं. पैलवान दोन पावलं मागे झाला आणि नाक दाबून उभा राहिला. त्याचं नेमकं काय चुकलं, हे त्याला कळत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची कीव आली.

“प्राचार्य, लिवा! काय बघताय तोंडाकडं? संस्थेच्या पैशातनं, पूर्णवेळ, आजपासनं! लिवा म्हणतो ना!”

प्राचार्यांनी माझ्या टेबलावर बसून लेटरहेडवर लिहिलं. सरांनी त्यांना दोनदा थांबवून अक्षर सुधारायला लावलं. साहेबांनी सही केली. शिक्का प्राचार्यांच्या खिशातच असतो. सरांनी कागद नीट वाचला, माझ्याकडे दिला, मी वाचला, माझ्या फोनवर फोटो काढला. मग त्यांनी बटण पूर्ण वाढवलं. कडं मोडलं, मिशा भरल्या, आणि साहेब मटकन स्टुलावर बसले.

थोड्या वेळाने प्राचार्यांना धीर आला. त्यांनी खिशातून जुना कागद काढला, पाय घसरल्याचा.

“आता एवढी सही करून टाका, सर. म्हणजे सगळं मिटलं.”

सरांनी तो हातात घेतला. “आता मी इथला पूर्णवेळ प्राध्यापक आहे,” ते म्हणाले. “खोटं कसं लिहू?”

टाकी तशीच सोडता येत नव्हती. बिल्ला तापला होता. त्यांनी साहेबांची परवानगी घेऊन बटण बंद केलं. भुकटी तळाशी बसली. चकती रुमालात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. मी खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. आम्ही दोघं तिथून सरळ चौकीत गेलो. फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराने साहेबांच्या संस्थेचं नाव ऐकून पेन खाली ठेवलं, पण मग सरांनी डॉक्टरांचा दाखला आणि ऑर्डर दोन्ही समोर ठेवलं, आणि त्याने पेन उचललं. पैलवानाला एक रात्र आत काढावी लागली. जामिनावर सुटला, कामावर परत आला. केस चालू आहे. आमच्याकडे केसेस चालूच असतात.

सरांना काढून टाकावं असं प्राचार्यांनी एकदा सुचवल्याचं ऐकलं. साहेब म्हणाले म्हणे, “चकती कुनाकडं हाय, ठावं हाय ना?” चकती सरांच्या घरी आहे, कपाटात, बायकोच्या साड्यांखाली.

परवा सर विभागात पेपर तपासत बसले होते. पैलवान साहेबांचा निरोप घेऊन आला. चकतीला ऊन लागत नाही ना, उंदीर नाहीत ना घरात, एवढं विचारून यायला त्याला सांगितलं होतं. तो सरांच्या डाव्या अंगाला उभा राहून बोलत राहिला. सर लाल पेनने गुण देत होते. पैलवानाने घसा खाकरला, पुन्हा बोलला. आवाज चढवायचं त्याला धाडस होईना. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. मी हजेरीपट उघडला. मग तो टेबलाला वळसा घालून सावकाश उजव्या बाजूला आला, जरा वाकला, आणि पहिल्यापासून बोलायला लागला.